२९चा वर्ग: माडीवर चढलेला जुना राउटर

टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा दोन शिंगांचा पांढरा राउटर, म्हणजे घरात वायफाय वाटणारा डबा, आम्ही २०१५च्या दिवाळीत अकराशे पन्नास रुपयांना घेतला होता. पुढे घरात फायबरचं नेट आलं, फायबरवाल्याने स्वतःचा डबा ओटीवर ठोकला आणि आमचा ८४१ जुने चार्जर, मेलेल्या बॅटऱ्या आणि एक काडी मोडलेला चष्मा यांच्या पिशवीत जाऊन पडला. २०२५च्या मे महिन्यात तो बाहेर काढला. पाऊस, गणपती, दिवाळी असे सहा महिने आता तो माडीवर चालतोय. हे परीक्षण त्याच्या या दुसऱ्या नोकरीचं.

मी गणिताची शिक्षिका, निवृत्त. त्यामुळे ८४१ म्हणजे २९चा वर्ग हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. बाकी सगळं या सहा महिन्यांत, चुका करत करत.

आधी घर सांगते, कारण सगळं दुखणं घराचं आहे. देवरुखजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर. चिरा म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, हे घाटावरच्यांसाठी. आजेसासऱ्यांनी बांधलेल्या भिंती दीड-दीड फूट जाड. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि माजघरावर लाकडी तक्तपोशीची माडी. फायबरवाल्याची तार ओटीपर्यंत पोचली, तिथे त्याने हात झटकून चहा घेतला. ओटीवर बसलं की स्पीड नव्वद एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिटच्या) वर. माजघरात तीस. माडीवर तीन. कधी कधी दोन. आणि माडीवर बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करणार आमचा मुलगा! मीटिंगमध्ये त्याचा आवाज तुटला की तो जिना उतरून धावत ओटीवर यायचा आणि झोपाळ्यावर बसून इंग्रजीत बोलायचा. शेजारी सासूबाई लसूण सोलत.

माझा एक अनुभव असा की पावसात हे आणखी बिघडतं. चिरा सच्छिद्र, जुलैमध्ये तो नुसता पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून वायफाय कोरड्या भिंतीइतकं जात नाही. मेमध्ये माजघरात तीस मिळायचे, ते जुलैत वीसवर आले होते. डब्याची जागा तीच, घरही तेच.

मुलगा म्हणाला, "आई, मेश घेऊ या, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, दहा हजारांत तीन येतात." तो आयटीत आहे, पण टेस्टिंगमध्ये. घरातली वायर कुठून कुठे जाते हे त्याला विचारू नये. मी म्हटलं, दहा हजार नंतर, आधी घरात काय पडलंय ते बघू.

खरं सांगायचं तर पिशवीतून ८४१ काढण्याआधी मी अठराशे रुपये घालवून बसले होते. भिंतीतल्या सॉकेटात खोचायचा एक एक्स्टेंडर. नाव घेत नाही, कारण दोष त्याच्यापेक्षा मी निवडलेल्या जागेचा. नेट जिथे हवं होतं तिथेच, माडीवर, मी तो खोचला. पण एक्स्टेंडर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. ज्या मुलाला फळ्यावरचं दिसलेलंच नाही, त्याच्या वहीतून मागच्या बाकाने उतरवून घ्यायचं, असला तो प्रकार. फोनवर वायफायच्या चारही रेघा भरलेल्या आणि स्पीड पाच. त्या रेघा फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या असतात, ओटीपासूनच्या नसतात, हे तेव्हा कळलं. जिन्याच्या अर्ध्यात लावल्यावर अकरा मिळाले. तिथे येता-जाता सगळ्यांची कोपरं लागायची.

मग ८४१. याच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूडीएस नावाची सोय आहे, म्हणजे तो वायर न लावता ओटीचं वायफाय पकडून पुढे सोडतो. तेही केलं. वीसपर्यंत गेलं. पण याच्याकडे रेडिओ एकच. त्याच रेडिओने ओटीचं ऐकायचं आणि त्यानेच माडीला सांगायचं, म्हणजे वेळ निम्मा निम्मा वाटला जातो. मिळालेल्यातलं अर्धं असंच जातं. डब्याचा यात दोष नाही, तो भागाकार आहे.

म्हणून शेवटी वायर. मी हे सगळ्यांत आधी करायला हवं होतं, पण यांची अट होती की भिंतीला भोक पाडायचं नाही. आजोबांची भिंत! तेव्हा मी सुताचा गुंडा घेऊन रस्ता मोजला: ओटीच्या छपराखालून वाशाला धरून, माजघराच्या दाराच्या चौकटीवर जी बोटभर फट आहे तिच्यातून आत, जिन्याच्या कठड्यामागून वर. बावीस मीटर. अशा वायरीची मर्यादा शंभर मीटरची असते, म्हणजे प्रश्नच नव्हता. बाजारपेठेत कॅमेरे बसवणाऱ्याच्या दुकानात कॅट-सिक्स वायर मीटरवर मिळते. त्याने दोन रिळं दाखवली, एक दुसऱ्याच्या जवळजवळ अर्ध्या किमतीचं. मी स्वस्त म्हणताच त्याने स्वतःच ब्लेडने तार खरवडून दाखवली. वरून तांबडी, आतून पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. "बाई, ही घ्यायची तर घ्या, पण मग मला फोन करायचा नाही." असा दुकानदार आवडतो. तांब्याची तीस मीटर घेतली, टोकांचे कनेक्टर दहा, आणि ते दाबून बसवायचं तीनशेचं क्रिंपिंगचं हत्यार.

त्या कनेक्टरचं थोडं सांगते, कारण माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. वायरीत आठ बारीक तारा असतात, जोडीजोडीने पिळलेल्या. त्या सोडवून, सरळ करून, एका ठरलेल्या क्रमाने ओळीत धरायच्या, एकसारख्या कापायच्या आणि त्या नखाएवढ्या पारदर्शक टोपीत शेवटपर्यंत सारायच्या. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मी पाढ्यासारखा पाठ केला. सगळा घोळ हिरव्याशी होतो. हिरव्या जोडीच्या दोन तारा शेजारी बसत नाहीत, मध्ये निळी जोडी येऊन बसते. पहिल्या दोन टोप्या याच चुकीने वाया गेल्या. तिसरीला राउटरवरचा दिवा लागला. माझं वय अठ्ठावन्न, चष्मा दूरचा आणि जवळचा, तरी जमलं. तुम्हालाही जमेल.

आता खरा धडा. वायर माडीवर आली, ८४१च्या मागे पाच भोकं, एक निळं आणि चार पिवळी. निळ्यावर 'वॅन' लिहिलंय. नेट बाहेरून येतंय, म्हणून मी निळ्यात घातली. आणि चाललं! मुलाचं काम सुरू झालं, मी पेढे वाटायचेच बाकी होते. दुसऱ्या दिवशी त्याने माडीवरून प्रिंट दिली, तर ओटीवरचा प्रिंटर त्याला दिसेना. ओटीवर फोन धरला तर प्रिंटर दिसतो, माडीवर नाही.

निळ्या भोकात वायर घातली की राउटर वेगळी चूल मांडतो. त्याच्या मागे जे कोणी असतील त्यांचं एक बिऱ्हाड, ओटीवाल्यांचं दुसरं. माडीवाले बाहेरच्या जगात जाऊ शकतात, पण मधला दरवाजा ओटीवाल्यांना बंद, आणि माडीवरच्यांना शेजारच्या बिऱ्हाडात कोण आहे ते शोधून सापडत नाही. बऱ्याच लोकांच्या घरी वर्षानुवर्षं असंच चालू असतं आणि काही बिघडतही नाही. पण घरात प्रिंटर असेल, फोनवरचं टीव्हीवर टाकायचं असेल, तर बिऱ्हाड एकच हवं. त्यासाठी वायर पिवळ्यात घालायची. निळं भोक रिकामं.

हे कळल्यावर मी वायर निळ्यातून काढली आणि पिवळ्यात घातली. तेवढंच केलं. ती चूक.

संध्याकाळी सात. सासूबाईंनी माजघरातला टीव्ही लावला, त्यांची मालिका नेटवरून येते. टीव्ही म्हणाला, वायफाय जोडलंय, इंटरनेट नाही. माझा फोन व्यवस्थित चालू. यांचा चालू होता, पण अंगणात जाऊन परत आले आणि बंद. मी फायबरवाल्याला फोन लावला, जरा आवाज चढवूनच. तो बिचारा म्हणाला, "काकू, इकडून सगळं हिरवं आहे. घरात काही नवीन लावलंय का?" मी म्हटलं, नाही. वायर एका भोकातून दुसऱ्यात गेली होती, नवीन काहीच लावलं नव्हतं ना!

झालं होतं असं. घरात कोणतंही यंत्र वायफायला जोडलं की ते आधी पत्ता मागतं, आणि राउटर त्याला एक नंबर देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या एकीच्याच कमरेला असतात, नाहीतर पोह्यांत दोनदा मीठ पडतं. आमच्याकडे त्या संध्याकाळी दोघींकडे किल्ल्या होत्या. ओटीचा डबा १९२.१६८.१ने सुरू होणारे पत्ते वाटत होता, आणि माडीवरचा ८४१ जुन्या सवयीने १९२.१६८.०चे. ज्याला ८४१चा पत्ता मिळाला त्याला सांगण्यात आलं की बाहेरचा रस्ता ८४१मधून आहे. पण ८४१चं निळं भोक रिकामं, बाहेरचा रस्ताच नाही. टीव्ही नुकताच लावलेला, त्याने दोघांना विचारलं आणि जो आधी बोलला त्याचं ऐकलं. ओटीच्या डब्याकडून आधीच पत्ता घेऊन बसलेल्यांचं चालत राहिलं. म्हणून हे दुखणं ओळखायला कठीण जातं. सगळ्यांचं एकदम बंद पडत नाही, एकेक जण आजारी पडतो.

तेव्हा माडीवर चढवण्याआधी याच्या कमरेच्या किल्ल्या काढून घ्यायच्या. कसं ते नीट लिहिते. ओटीची वायर काढून ठेवा. मागचं बटण दहा सेकंद दाबून डबा कोरा करा, नाहीतर दहा वर्षांपूर्वीचा पासवर्ड आठवत बसाल. लॅपटॉप एका आखूड वायरीने पिवळ्या भोकाला जोडा. डब्याच्या बुडाला लेबल आहे, त्यावर पत्ता: माझ्याकडे १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकला की नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. हिरव्या पट्टीचं जुनं पान उघडतं. त्यात नेटवर्क, मग लॅन, आणि तिथे पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. सेव्ह केलं की डबा बंद होऊन परत चालू होतो आणि पान गायब. इथे माणसं घाबरतात, मीही घाबरले. बिघडलेलं काही नाही, तो घर बदलून शेजारी राहायला गेलाय. लॅपटॉपची वायर काढून परत घाला, नवा पत्ता टाका, तो दार उघडतो. आता वायफायचं नाव आणि पासवर्ड, मग डीएचसीपी, आणि तिथे डिसेबल. पुन्हा बंद-चालू. आणि सर्वांत शेवटी ओटीची वायर पिवळ्यात.

एक बारकी गोष्ट मी जवळजवळ विसरले होते. ओटीचा डबा २पासून २५४पर्यंत नंबर वाटत होता. म्हणजे ८४१ला मी दिलेला २ तो उद्या एखाद्या पाहुण्याच्या फोनलाही देऊ शकला असता. त्याचं वाटप १०पासून सुरू केलं. खालचे नंबर घरच्या माणसांसाठी राखीव. डब्याच्या बुडाला कागद चिकटवलाय: 'मी दुसरा. १९२.१६८.१.२.' परत कधी पान उघडायचं झालं तर शोधत बसायला नको. नव्या राउटरांमध्ये हे सगळं अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नावाच्या एका टिचकीत होतं. माझा ८४१ नवव्या आवृत्तीचा, त्यात ती टिचकी नाही. लांब रीतीनेच उदाहरण सोडवावं लागतं.

दोन्ही वायफायला एकच नाव द्यावं, फोन आपोआप बदलतो, असं सगळे सांगतात. मी दिलं नाही. एकाचं नाव 'ओटी', दुसऱ्याचं 'माडी'. फोन कधी बदलायचं ते फोनच ठरवतो, आणि तो फार चिवट असतो. माडीवर पोचला तरी ओटीच्या एका मरतुकड्या रेघेला धरून बसतो. नावं वेगळी असली की निदान कळतं कोणाला शिव्या द्यायच्या. शिवाय सासूबाईंनाही आता सांगता येतं, "ओटी चालत नाही गं, माडी लाव." चॅनलही वेगळे ठेवलेत, ओटी १वर, माडी ११वर, म्हणजे दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलत नाहीत. आमच्या वाडीत शेजाऱ्याचं घर आमराईपलीकडे, त्यामुळे हवा मोकळी. पुण्या-मुंबईत सोसायटीत चाळीस वायफाय दिसतात तिथे २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ पट्ट्यावर हा डबा किती चालेल याची हमी मी देणार नाही. याला ५ गिगाहर्ट्झ येत नाही.

आकडे. आमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. ८४१च्या पिवळ्या भोकाला लॅपटॉप वायरीने लावला तर ९३. माडीवर वायफायने ४८, खिडकीशी ४०. आधी ३ होते, हे विसरू नका. खोक्यावर ३०० लिहिलेलं असतं ते मनावर घेऊ नका. ३०० हा हवेतला, दुप्पट रुंद चॅनल धरून काढलेला आकडा. आणि मागची सगळी भोकं १००ची, त्यामुळे वायरीतून शंभराच्या आत जेवढं येईल तेवढंच. कनेक्शन २००-३००चं असेल तर माडीवर त्याचा उपयोग होणार नाही. पण व्हिडिओवरच्या मीटिंगला तीन-चार पुरतात, ४८मध्ये मुलगा, टीव्ही आणि भाच्याचा गेम तिन्ही बसतात.

भाच्यावरून आठवलं. गणपतीत तो आला होता, वय बारा, अतिशय व्यवस्थित मुलगा. ८४१ला माझी ती आखूड वायर एका टोकाने लावलेली राहिली होती, दुसरं टोक लोंबत होतं. त्याने ते उचलून शेजारच्या रिकाम्या पिवळ्या भोकात नीट खोचलं. पाच सेकंदांत सगळ्या घराचं नेट बसलं. ओटी, माडी, सगळं. ८४१चे दिवे एरवी आपापल्या तालात लुकलुकतात, ते सगळे एका ठेक्यात फडफडायला लागले, आरतीच्या झांजांसारखे. एकच निरोप एका भोकातून बाहेर, दुसऱ्यातून आत, पुन्हा बाहेर, असा गरगर फिरत राहतो आणि दुसऱ्या कोणाला बोलायला जागा उरत नाही. वायर शोधायला अर्धा तास लागला. भाचा म्हणाला, "मावशी, लोंबत होती ना!" ती वायर आता कपाटात.

ऑगस्टमध्ये उंदीर. जिन्याच्या कठड्यामागे त्याने वायरीचं वरचं कातडं बोटभर सोललं आणि आतली तपकिरी जोडी पार तोडून टाकली, निळी अर्धी. मला ते झाडताना दिसलं. नेट चालूच होतं! शंभरच्या स्पीडला आठांपैकी चारच तारा लागतात, नारिंगी आणि हिरवी जोडी. उंदराने नेमक्या बिनकामाच्या खाल्ल्या. गिगाबिटचा (हजार एमबीपीएसचा) नवा राउटर असता तर त्याला आठही लागतात. तो एकतर शंभरवर उतरला असता नाहीतर बसला असता. तीस मीटरमधले आठ शिल्लक होते, पण मधलाच तुकडा तुटलेला, जोड द्यायला मन धजेना. पूर्ण बावीस मीटर नवी ओढली, यावेळी प्लॅस्टिकच्या पट्टीतून.

लाईटचं. लाईट गेली की ओटीचा डबा इन्व्हर्टरवर चालू राहतो, माडीवरचं सॉकेट इन्व्हर्टरवर नव्हतं. नेट असून माडी आंधळी. राउटरसाठी मिळतात त्या छोट्या बॅटऱ्या बघितल्या, तर बहुतेकांचं आउटपुट १२ व्होल्टचं, आणि ८४१ला लागतात ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर. पिन तीच असते, सहज बसते, हाच त्यातला धोका. पिशवीतला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मी खोचणारच होते, हातात चष्मा होता म्हणून वाचलं. दोन्ही आकडे वाचल्याशिवाय काही खोचू नका. शेवटी वायरमनकडून माडीचं सॉकेट इन्व्हर्टरवर घेतलं. विजेचा हिशेब कोणी विचारेल म्हणून: ९ गुणिले ०.६ म्हणजे ५.४ वॅट, तेही जास्तीत जास्त. दिवसरात्र महिनाभर चालवला तरी साधारण चार युनिट.

आता जी गोष्ट सांगायला मला आवडत नाही ती. मी हा डबा माडीवर चढवला आणि पुढच्याच महिन्यात, जून २०२५मध्ये, अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने टीपी-लिंकच्या काही जुन्या राउटरांतली एक त्रुटी तिच्या 'प्रत्यक्ष वापरली जाणारी' या यादीत टाकली. क्रमांक सीव्हीई-२०२३-३३५३८. त्यात ८४१एनच्या आठव्या आणि दहाव्या आवृत्तीचं नाव आहे. इलाज नसेल तर वापर थांबवा, असा त्यांचा सल्ला. माझा नववा. आठवा आणि दहावा नापास झाले म्हणून मधला हुशार ठरत नाही, हे मी शाळेत बत्तीस वर्षं बघितलंय. कंपनी इतक्या जुन्या डब्याला नवीन सॉफ्टवेअर देईल असं धरून चालता येत नाही. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर टाकावं असं भाच्याच्या वडिलांनी सुचवलं, पण याच्या पोटात ४ एमबी फ्लॅश (साठवण) आणि ३२ एमबी रॅम. त्या मापाच्या डब्यांना ओपनडब्ल्यूआरटीची अधिकृत आवृत्ती १९.०७पर्यंतच.

मी काय केलं: अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, तोही लांबलचक. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने जोडायची सोय, बंद. वायफायला डब्ल्यूपीए२चं कुलूप. हा डबा थेट बाहेरच्या जगाला लागलेला नाही, पुढे ओटीचा नवा डबा दारात बसलाय, त्यामुळे बाहेरून येणारा आधी त्याच्यापाशी अडतो. पण घरातलाच एखादा फोन बाधित झाला तर तो मागच्या दाराने इथवर पोचू शकतो. मुलाच्या कंपनीचा लॅपटॉप स्वतःच्या व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद बोगद्यातून, जातो म्हणून मी हे चालवून घेतलं. ज्यांच्या घरी दवाखाना, सीएचं ऑफिस, लोकांचे कागद आहेत, त्यांनी अशा डब्याच्या नादी लागू नये. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असलेला नवा साधा राउटर घ्यावा. वायर मात्र हीच ओढावी, पैसे तिच्यात घालावेत.

गुण द्यायची सवय जात नाही. माडीवर नेट पोचवण्याचे पूर्ण. स्पीडचे निम्म्याहून थोडे जास्त. सुरक्षिततेत जेमतेम काठावर, तेही मी पेपर तपासलाय म्हणून. स्वच्छतेचे गुण उंदराला. सगळा खर्च वायर, कनेक्टर, हत्यार आणि पट्टी धरून दोन हजारांच्या आत आला, उंदरासाठीची दुसरी वायर धरून. एक्स्टेंडरचे अठराशे यात मी धरत नाही, ती फी.

परवा शेजारच्या काकांनी त्यांचा भंगारात निघालेला राउटर आणून दिला, यालाही दोन शिंगं. अ‍ॅडॅप्टर हरवलाय. गोठ्यात कॅमेरा लावायचाय, गाय व्यायला झाली की रात्री चार वेळा उठून जावं लागतं. हे म्हणतात गोठ्यापर्यंत वायर टाकू. मी नको म्हणतेय. अंगणातून उघड्यावर तांब्याची तार न्यायची आणि वर मेच्या शेवटाला विजा, म्हणजे गोठ्यावर पडलेली थेट ओटीवर यायची. तिथे डब्ल्यूडीएसच बरं, कॅमेऱ्याला दोन-तीन एमबीपीएस पुष्कळ झाले. वाद चालू आहे. कागद मात्र मी लिहून ठेवलाय, 'मी तिसरा. १९२.१६८.१.३.' डब्याच्या बुडाला ९ व्होल्ट लिहिलंय की १२ ते पुसट झालंय, उद्या उजेडात भिंग घेऊन बघते.